टीडीएस ११५० आला म्हणून आरओ घ्यायचा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबड तालुक्यात घर, सहा माणसं, त्यात चार महिन्यांचं बाळ, आणि त्याला वरचं दूध चालू आहे. बोअर १८० फूट, मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) ११५०. एप्रिलपासून बोअर आटतं, मग टँकरचं पाणी हजार लिटरच्या काळ्या टाकीत. प्यायला कधी बोअरचं, कधी गावातल्या प्लँटचा वीस लिटरचा जार. गेल्या महिन्यात घरातल्या दोन मुलांना कावीळ झाली. त्यातच आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र) विकणाऱ्याने ग्लासात वीज जोडलेल्या दोन कांड्या बुडवून पाणी हिरवंकाळं करून दाखवलं. आरओ घ्यावा का, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचं, जार चांगला का, हे तीन प्रश्न.

सुरुवात कावीळीपासून करू, कारण टीडीएसचा आणि कावीळीचा काही संबंध नाही. पाण्यातून येणारी कावीळ हेपटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि ते विषाणू मैल्यातून पाण्यात उतरतात. टीडीएस मीटर फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू, विषाणू, कीटकनाशक यातलं काहीही त्याला दिसत नाही. नाइट्रेट आणि फ्लोराइड त्या एकूण आकड्यात धरले जातात, पण वेगळे कळत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाला मीटर २५० दाखवू शकतं आणि निर्धोक बोअरला १२००. मीटरचा आकडा पाण्याच्या चवीबद्दल बरंच सांगतो, आजाराबद्दल जवळपास काहीच नाही.

कांड्यांचा खेळ तर साफ फसवणूक आहे. त्यातल्या एका कांडीचं टोक लोखंडाचं असतं. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज हिरवा, तपकिरी, काळा होऊन तरंगतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही आणि ते पाणी स्वच्छ दिसतं. त्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही तसंच काळं होईल.

आता ११५० हा आकडा. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. एकूण जडपणाचे हेच आकडे २०० आणि ६००. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे, त्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतं. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हंड्याला आतून पांढरा थर चढतो, चव मचूळ लागते. गैरसोय खरी आहे, पण एवढ्यावरून पाणी विषारी ठरत नाही. मुतखड्याचं खापरही नेहमी जड पाण्यावर फोडलं जातं. मेच्या उन्हात दिवसभर रानात घाम गाळून दोन तांबे पाण्यावर राहणं, त्यामुळे लघवी गडद आणि थोडी होणं, हे त्याहून मोठं कारण आहे. मचूळ लागतं म्हणून माणूस पाणी कमी पितो, असा जड पाण्याचा संबंध आडून येतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी पोटात गेलं पाहिजे, उन्हाळ्यात त्यासाठी बरंच जास्त प्यावं लागतं.

मग बोअरच्या पाण्यात खरंच काय तपासायचं? दोन गोष्टी.

पहिली नाइट्रेट. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात कुठलीही सूट नाही. ते युरियातून, उकिरड्यातून, गोठ्याच्या मुताऱ्यातून, संडासाच्या शोषखड्ड्यातून झिरपतं. बोअर शोषखड्ड्याला किंवा उकिरड्याला लागून असेल तर शंका घ्यायलाच हवी. मोठ्या माणसाला एकदम काही जाणवत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद त्याने कमी होते. ओठ, नखं निळसर पडतात. पाणी उकळून नाइट्रेट जात नाही. उलट वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते थोडं वाढतं. म्हणजे आई काळजीने दहा मिनिटं उकळते आणि त्याच पाण्यात दूध पावडर कालवते, तेव्हा जंतू मरतात पण नाइट्रेट वाढलेलं असतं. तुमच्या घरात सगळ्यात निकडीची तपासणी हीच. अहवाल येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी बोअरचं पाणी वापरू नका. आयएसआय आणि एफएसएसएआयचा शिक्का असलेलं बाटलीबंद पाणी आणा आणि तेही उकळून घ्या. अंगावरचं दूध पुन्हा सुरू होऊ शकतं का, हे आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारा. निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत मे महिन्यातही वेगळं पाणी लागत नाही.

दुसरी गोष्ट फ्लोराइड. लिटरला १.० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, १.५ ही शेवटची मर्यादा. बेसाल्टच्या भागात हा त्रास तुलनेने कमी. नांदेडच्या किनवट भागात ग्रॅनाइटसारखा जुना खडक आहे, तिथे मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसतात. वर्षानुवर्षं जास्त गेलं तर सांधे आणि कणा आखडतो. हेही उकळून जात नाही, तुरटीचा खडा फिरवूनही नाही.

नाइट्रेट आणि फ्लोराइड मर्यादेत आले, जडपणा ६०० च्या आत आला, तर तुम्हाला आरओची गरज नाही. क्लोरीन पुरे. यातलं काही मर्यादेबाहेर गेलं तरच आरओ, आणि तोही फक्त प्यायला आणि स्वयंपाकाला.

टीसीएल: किती, कसं आणि का फसतं

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो. महाराष्ट्रात गावपातळीवर धरतात ते माप हजार लिटरला ५ ग्रॅम. ताजी पावडर असेल तर त्यातून लिटरमागे साधारण १.६ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो, पावडर उतरून २० टक्क्यांवर आली असेल तर १ मिलिग्रॅम. वीस टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

५ ग्रॅम मोजायला किराणा दुकानातल्या काट्यावर ५० ग्रॅम तोला आणि कागदावर दहा सारखे भाग करा. एक भाग तुमच्या चमच्यात कुठपर्यंत येतो ते पाहून खूण लक्षात ठेवा. पावडर थेट टाकीत झोकू नका. प्लॅस्टिकच्या मगात थोड्या पाण्यात आधी गंधासारखी कालवा, नंतर पाणी घालून तो मग पाऊण भरा, पंधरा मिनिटं निवळू द्या. खाली चुना बसतो. वरची निवळी टाकीत ओता, चुन्याचा गाळ टाकून द्या. टाकीत पाणी पडत असताना ओतलं तर आपोआप मिसळतं. भरलेल्या टाकीत ओतलं तर लांब काठीने ढवळावं लागतं.

त्यानंतर थांबायचं. पुस्तकात अर्धा तास लिहिलेलं असतं, आपल्याकडे एक तास धरा. कारण क्लोरीनची मारक शक्ती पाण्याच्या पीएचवर (पाणी आम्ल की अल्कली ते सांगणारा आकडा) अवलंबून असते आणि पीएच ८ च्या वर गेला की ती बरीच उतरते. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बऱ्याचदा ८ च्या आसपास असतं. शिवाय कावीळीचे विषाणू हागवणीच्या जंतूंपेक्षा चिवट असतात.

टँकरचं गणित तेच, दहा हजार लिटरला ५० ग्रॅम. पण ते विहिरीवर भरतानाच पडायला हवं, म्हणजे रस्त्याच्या हेलकाव्यात मिसळतं आणि गावात येईपर्यंत वेळही पुरा होतो. तुमच्या दारात आल्यावर ड्रायव्हरने वरून मूठभर टाकली, तर पहिल्या घागरीला वास येतो आणि शेवटच्या घागरीत काहीच नसतं.

विहिरीसाठी व्यास आणि पाण्याची खोली फुटात मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले २२, इतके लिटर. वीस फूट व्यास आणि दहा फूट पाणी म्हणजे ८८,००० लिटर, म्हणजे ४४० ग्रॅम पावडर. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त कालवू नका, पाच बादल्या करा. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची. काठावरून ओतली तर क्लोरीन वरच्या थरातच राहतो. हे संध्याकाळी उपसा थांबल्यावर करावं, रात्रभरात काम होतं.

टाकलं की संपलं असं नाही, ओटी टेस्ट करायला हवी. नळीत पाणी घेऊन किटवर लिहिलेले थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंग पहिल्या दहा सेकंदांत बघायचा. उशिरा हळूहळू येणारा पिवळेपणा पाण्यातल्या घाणीशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो, तो फार दुबळा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा, गावात साथ असेल तर ०.५. ओटीचं द्रावण विषारी आहे, तपासलेलं पाणी फेकून द्यायचं आणि बाटली मुलांपासून लांब ठेवायची.

पावडर टाकूनही रंग येत नाही, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा पोतं जुनं असतं. बेचाळीस अंशाच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत तोंड उघडं ठेवलेलं पोतं बघता बघता उतरतं. पावडर हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात, कोरड्या जागी ठेवा, धातूच्या डब्यात नको. दुसरं कारण टाकीच्या तळाचा गाळ आणि शेवाळ. क्लोरीन आधी ती घाण खातो, उरला तर जंतूंकडे वळतो. म्हणून गढूळ पाण्यात आधी तुरटी, मग टीसीएल. गढूळपणाप्रमाणे हजार लिटरला १० ते ४० ग्रॅम तुरटी विरघळवून टाका, पाणी निवळलं की वरचं दुसऱ्या भांड्यात घ्या. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. तिसरं कारण वेळ. सोमवारी टाकलेला क्लोरीन बुधवारी शोधून सापडणार नाही, उन्हात तापणाऱ्या टाकीत तर मुळीच नाही. पाणी आठवडाभर साठवायचं असेल तर पिण्याचं पाणी रोज वेगळं काढून त्याला औषध लावा, सगळ्या टाकीला रोज लावण्यात अर्थ नाही. वीस लिटरच्या भांड्याला क्लोरीनची गोळी किंवा आशाताईंकडे मिळणारं मेडिक्लोर (क्लोरीनचं पातळ औषध) बरं पडतं. गोळ्यांची ताकद वेगवेगळी असते, त्यामुळे प्रमाण पाकिटावरचंच घ्या.

आणि एक धोक्याची गोष्ट. टीसीएल संडास धुण्याच्या अ‍ॅसिडजवळ ठेवू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जीवावर बेततो.

जारचं पाणी

गावातल्या बहुतेक प्लँटमध्ये बोअरचंच पाणी आरओतून काढून थंड करून भरतात. क्षार कमी झालेले असतात, म्हणून गोड लागतं. पण आरओनंतर पाण्यात क्लोरीन उरत नाही, त्याला पुढे कुठलंच संरक्षण नसतं. जार आतून नुसता विसळलेला, बूच हाताने दाबलेलं, तोटीला धूळ, आणि तो घरात तीन दिवस पुरवायचा. सीलबंद बाटलीवर असतो तसा मानकाचा शिक्का या सुट्या जारवर नसतो. थंडपणाने जंतू मरत नाहीत, फक्त वाढायला वेळ घेतात. बाळासाठी हे पाणी सरळ वापरू नका ते याचमुळे.

शंका फेडायची सोपी रीत म्हणजे एचटूएस बाटली, जलजीवन मिशनच्या फील्ड टेस्ट किटमध्ये ती असते. खुणेपर्यंत पाणी भरा, हलवा, घरातल्या उबदार जागी ठेवा. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैल्याचा संसर्ग समजायचा. एक बाटली बोअरसाठी, एक टाकीसाठी, एक जारसाठी, एक पिण्याच्या माठासाठी. बऱ्याच घरांत बोअर स्वच्छ निघतं आणि माठ काळा पडतो. असं झालं तर दोष पाण्याचा नाही, हाताचा आहे. तांब्या बुडवून पाणी काढतात, नखं पाण्यात जातात. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, माठाला तोटी बसवली तर त्याहून उत्तम.

आरओ घ्यायचाच असेल तर

नाइट्रेट किंवा जडपणा मर्यादेबाहेर निघाला असं धरून सांगतो. घरगुती यंत्रात एक लिटर गोड पाण्यामागे साधारण तीन लिटर वाया जातं. दिवसाला बारा लिटर प्यायला काढलं तर छत्तीस लिटर मोरीत. ज्या मराठवाड्यात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे हे पाणी सोडून देणं परवडत नाही. तुमच्या ११५० च्या पाण्याचं वाया जाणारं पाणी साधारण १५०० टीडीएसचं येईल. फरशी, संडास, भांड्यांचं पहिलं पाणी, यांना ते चालतं. कुंड्यांना रोज घातलं तर माती खारवते.

विकणारे सांगत नाहीत अशी एक गोष्ट. यंत्रावर ‘टीडीएस कंट्रोलर’ नावाचा छोटा नॉब असतो. चव यावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून (क्षार अडवणाऱ्या पडद्यातून) न गेलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. आरओ नाइट्रेटसाठी घेतला असेल तर हा नॉब पूर्ण बंद ठेवा, नाहीतर जे काढायला पैसे मोजले तेच परत ग्लासात येतं. बसवल्यावर महिनाभराने बाहेर पडणाऱ्या पाण्याचं नाइट्रेट पुन्हा तपासा. घरगुती मेम्ब्रेन इतर क्षारांच्या मानाने नाइट्रेट जरा कमी अडवतं.

टीडीएस मीटरचा खरा उपयोग इथे आहे. बसवल्या दिवशी आत जाणारं ११५० आणि बाहेरचं ९० आलं, तर मेम्ब्रेन ९२ टक्के क्षार अडवतंय. दर महिन्याला मोजून भिंतीवर लिहा. बाहेरचा आकडा २३० च्या पुढे गेला, म्हणजे अडवणं ८० टक्क्यांखाली आलं, की मेम्ब्रेन बदलायचं. सर्व्हिसवाला दर सहा महिन्यांनी सगळं बदलायला सांगतो, त्याला हा कागद दाखवा. मात्र बाहेरचा गाळाचा फिल्टर आणि कार्बनचा फिल्टर वेळेवर बदला. कार्बन क्लोरीन शोषून घेतो, तो संपला की टीसीएलचा क्लोरीन थेट मेम्ब्रेनवर जातो आणि ते काही आठवड्यांत कुजतं. तरी ‘आरओ आहे म्हणून टाकीत टीसीएल नको’ असं करू नका. दात घासायला, भांडी विसळायला, काकडी धुवायला टाकीचंच पाणी लागतं.

नुसता यूव्ही (जंतू मारणाऱ्या अतिनील किरणांचा) दिवाही पुष्कळ लोक घेतात. तो पाणी गढूळ असेल तर निकामी, आणि वीज गेली की बंदच.

कावीळ पुन्हा

हेपटायटिस ए ची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला १५ ते ५० दिवस लागतात, ई ला १५ ते ६०. म्हणजे आज ताजं पाणी तपासून ‘शुद्ध’ आलं तरी महिन्यापूर्वीच्या पाण्याबद्दल ते काही सांगत नाही. त्या काळात टँकर कुठल्या विहिरीवर भरत होता, वळवाच्या पावसात तिच्यात वरचं पाणी शिरलं का, मुलं लग्नाला किंवा यात्रेला गेली होती का, हे आठवून प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगा. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तर तिने उकळलेलंच पाणी प्यावं. तिला हेपटायटिस ई जिवावर बेतू शकतो. डोळे पिवळे दिसले तर झाडपाल्यात वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना. उकळताना पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे असतं. त्याच भांड्यात झाकून निवू द्या, ओतताना दुसऱ्या भांड्याची घाण लागते.

दुहेरी कापडाच्या गाळणीवर अजूनही बऱ्याच वडीलधाऱ्यांचा भरवसा आहे, आणि तो उगाच नाही. बारवेत उतरून पाणी भरायचे त्या काळात नारू पसरायचा, त्याची अळी वाहणारा पाणपिसू कापडात अडकायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला त्यात त्या कापडाचा वाटा आहे. पण कावीळीचा विषाणू त्या धाग्यांच्या छिद्रांतून सहज निघून जातो.

ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना टाकीही नसते आणि जळणही कमी. त्यांना क्लोरीनच्या गोळ्यांची पाकिटं निघतानाच सोबत द्यावीत. गोळ्या संपल्या तर दोन लिटरपर्यंतच्या पारदर्शक प्लॅस्टिक बाटलीत निवळ पाणी भरून कोपीवर (झोपडीवर) सहा तास कडक उन्हात आडवी ठेवावी. ढगाळ हवेत दोन दिवस लागतात. गढूळ पाण्यात हा उपाय चालत नाही.

टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून काथ्याने घासा, नुसती विसळू नका. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भिंतीला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जगतात. पाणी आलं की आठ-दहा दिवसांत डास उडतो. झाकण घट्ट नसेल तर सुती कापड बांधा, हवेच्या पाइपला जाळी बांधायला विसरू नका.

नमुना तपासायला भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची किंवा जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा गाठा, ग्रामपंचायतीमार्फत पाठवलात तर सोपं पडतं. नाइट्रेट, फ्लोराइड, जडपणा यासाठी स्वच्छ प्लॅस्टिक कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळून दोन लिटर भरा. कोल्ड्रिंकची जुनी बाटली नको. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची. तिच्यात क्लोरीन मारणारं थोडंसं सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून ती विसळायची नाही आणि काठोकाठ भरायची नाही. बोअर दहा मिनिटं चालवा, नळाचं तोंड पेटत्या बोळ्याने शेका, नळ थोडा वेळ वाहू द्या, आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरा आणि बर्फात घालून त्याच दिवशी पोचवा. शनिवारी दुपारी नमुना काढू नका, सोमवारी सकाळपर्यंत तो कामाचा राहत नाही.